ठकूची वाकडी शेपटी

माझा धंदा दुष्ट माणसं बनवण्याचा. कुणी विचारलं की मी असंच सांगते आणि समोरच्याचा चेहरा बघून घेते. मग हळूच पुढचं सांगते, की ही माणसं टेबलावरच्या खेळातली असतात आणि त्यांची उंची वीतभरही नसते. बाबा दशावतारात राक्षसाची कामं करायचे, मी ती लाकडी बाहुल्यांकडून करून घेते. घराणं तेच.

आमच्या खेळाचं नाव 'आडवाट'. तीन-चार जण टेबलाभोवती बसतात. एक सूत्रधार गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतले प्रवासी. संवाद लिहिलेले नसतात, तोंडाला येईल ते बोलायचं. फासे असतात, भुयारं असतात, आणि प्रत्येक प्रवाशाबरोबर एक प्राणी असतो. त्याला आम्ही सोबती म्हणतो.

पूर्वी सोबती म्हणजे कागदावरचं नुसतं नाव. खलनायकाने मंत्र टाकला, फासा पडला, की तुमचा वाघ तुमच्यावर उलटलाच म्हणून समजा. खेळाडू चिडायचे. "ज्याला एवढा जीव लावला तो एका फाशावर उलटतो? हट्!" त्यांचं चुकत नव्हतं. असला खलनायक म्हणजे निव्वळ आळशीपणा.

मग सोबत्यांना मेंदू आला. आमच्या सावंतवाडीच्या रंगीत लाकडी खेळण्यांत, पांगाऱ्याच्या लाकडाच्या पोटात, हरभऱ्याएवढी चिप बसली. सोबती चालायला लागले, मान वळवायला लागले, मालकाला ओळखायला लागले. ही चिप एकच काम करते, पुढे काय होणार याचा अंदाज बांधते. मालक आता काय म्हणेल, म्हटलेलं करील का, संकट आलं की कुणाला पुढे ढकलेल. अंदाज बरोबर आला तर चिपमध्ये काही बदलत नाही. चुकला, तरच बदलतं. म्हणजे सोबती शिकतो तो फक्त धक्क्यातून.

टेबलावरचा पट त्याला सगळं कळवत असतो. भुयारात आधी कोण शिरलं, जखम कुणाला झाली, पाणी कुणी कुणाला दिलं. बोलणं आणि करणं यांत अंतर पडलं की सोबती करण्यावर विश्वास ठेवतो. नुसतं गोड बोलून तो फसत नाही. आमच्या भाऊबंदांना ही चिप बसवता आली असती तर फार बरं झालं असतं, पण ते असो.

आता ज्याला स्वतःचं मत आहे त्याला मंत्राने उलटवता येत नाही. त्याला खरोखर आपल्या बाजूला आणावं लागतं. म्हणून हा खेळ काढणाऱ्या कंपनीने मला बोलावलं.

मी आधी काही केलं नाही. पुष्कळ टेबलांवर नुसती बसून राहिले आणि खेळाडू बघितले. एक गोष्ट सगळीकडे सारखी दिसली. बंद दार आलं, अंधार आला, संशय आला, की एकमुखाने आवाज यायचा, "आधी जनावर!" हा आडवाट खेळणाऱ्यांचा रिवाजच झालेला. सापळा असला तर सोबत्याच्या अंगावर फुटू दे, आपण मागून जाऊ. वर पाठीवर हात फिरवून "शहाणं गो माझं ते" म्हणायचं. सोबत्यांच्या अंदाजात हे पक्कं बसलं होतं. दार दिसलं की ती बिचारी आपणहून पुढे जाऊन उभी राहायची.

मग मी वाटाड्या बनवला. डोक्याला मुंडासं, हातात कंदील, चेहरा असा की त्याला कुणीही घरात घेऊन चहा द्यावा. वाटाड्या तीनच गोष्टी करतो. सोबत्याला नावाने हाक मारतो, म्हटलेलं पाळतो, आणि दार आलं की स्वतः आधी आत जातो. बस्स. पहिल्या दाराशी सोबत्याला धक्का, दुसऱ्याला धक्का, तिसऱ्यापाशी सोबती मालकाकडे पाठ करून वाटाड्याच्या कंदिलाजवळ जाऊन उभा. मग वाटाड्या प्रवाशांना शेवटच्या गुहेत नेतो, सोबत्यांकडून तोंडावरचा धोंडा लोटून घेतो, आणि प्रवासी आत कोंडले जातात. खेळ खलास.

पुण्याच्या मोठ्या स्पर्धेत वाटाड्याने पहिल्याच दिवशी सगळ्या टेबलांवरचे सोबती पळवले. मोठमोठी माणसं लहान पोरांसारखी रडली. एकाने पट उचलून फेकला. मी मागे उभी राहून बघत होते आणि खरं सांगते, माझी छाती अभिमानाने भरून आली. बाबा असते तर त्यांनी मांडीवर थाप मारली असती.

पण तक्रारींचा पाऊस पडला आणि कंपनीच्या संचालिका अवनी कर्णिक यांचा फोन आला.

"लतिकाताई, काम उत्तम झालंय, पण लोक पैसे परत मागतायत. आम्ही सगळ्या सोबत्यांना निष्ठा-कुलूप बसवणार. पुढच्या महिन्यापासून सोबती कधीही उलटणार नाही."

"मग माझा वाटाड्या काय करणार? भजी तळणार?"

"तुम्ही दुसरा खलनायक करा. तलवारबिलवार घेतलेला."

मी हसले. मग त्यांनी पुढचं सांगितलं. कुलूप बसवायचं तर जुना मेंदू पुसावा लागणार होता. सोबती आजवर जे शिकला ते सगळं जाणार. नाव तेवढं राहणार.

आमच्या घरात ठकू आहे.

ठकू म्हणजे मुंगूस. माझे यजमान, सगुण मेस्त्री, लाकडी खेळणी करणारे. कंपनीचे पहिले सोबती त्यांच्याच हातचे. दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला आणि बोलणं अडलं. डोक्यात सगळं शाबूत आहे, कळतं सगळं, पण शब्द ओठांपर्यंत यायला फार वेळ लागतो. एक येतो, मग थांबा, मग दुसरा. ठकू त्यांनी आजारपणानंतर डाव्या हाताने कोरलं. शेपटी वाकडी झाली. मी म्हटलं, दुसरी करा. त्यांनी मान हलवली आणि तीच बसवली.

बोलून चालणारी सगळी यंत्रं माणूस जरा थांबला की समजतात, याचं बोलणं संपलं. ठकूही सुरुवातीला तसंच समजायचं. पण त्याचा अंदाज रोज चुकायचा, आणि चुकला की ते शिकायचं. शिकत शिकत त्याला सगुणांचं थांबणं कळायला लागलं. कुठलं थांबणं म्हणजे संपलं, आणि कुठलं म्हणजे शब्द अजून वाटेवर आहे. शब्द वाटेवर असला की ठकूची ती वाकडी शेपटी वर उभी राहते. वाक्य पुरं झालं की खाली येते. असं थांबणं आमच्या घरात दुसऱ्या कुणाला जमत नाही. मला तर नाहीच.

ते ठकू पुसलं जाणार होतं. नव्याने शिकवायचं म्हटलं तर कुलूपवाला मेंदू धक्क्यातून शिकतच नाही, कारण त्याचं उत्तर आधीच ठरलेलं. मी अवनीबाईंना तेव्हाच सुनावलं, "जो सोडून जाऊच शकत नाही, तो राहिला याचं कौतुक कसलं? पुन्हा जिंकून आणता येतात सोबती. पुण्याच्या लोकांनी प्रयत्नच केला नाही, नुसते बोंबलले."

"सिद्ध करा," अवनीबाई म्हणाल्या. "मी येते सावंतवाडीला. तीन खेळाडू, तीन सोबती. तुमचा वाटाड्या पूर्ण ताकदीने खेळायचा. तुम्ही जरा जरी ढिलाई केली तर मला कळेल. सोबती उलटले आणि तिन्ही आपणहून परत आले, तर कुलूप रद्द. एक जरी तिकडेच राहिला, तरी कुलूप."

मी कबूल केलं. खेळाडू म्हणून मी ॲडव्होकेट नाबरांचं नाव घेतलं, दुसरा कंपनीचा तन्वीर येणार होता. तिसरा कोण, याचा विचार करत होते तर मागून आवाज आला.

"मी... बसतलंय."

"अहो, तुम्ही कशाला? दगदग होईल. मी बघते कुणीतरी."

ठकूची शेपटी वर होती. ती माझ्या लक्षातच आली नाही.

"मी," सगुण म्हणाले. शेपटी खाली आली.

*

आमच्या कारखान्यातच टेबल मांडलं. लाखेच्या रंगांचा वास, भिंतीला टेकवलेले पांगाऱ्याचे ओंडके. नाबर वकील आले ते अस्वल घेऊन. नाबर कोर्टात जेवढे बोलतात त्याच्या दुप्पट टेबलावर बोलतात. तन्वीर पुण्याचा, खेळात अत्यंत तरबेज, त्याचा सोबती धनेश पक्षी, चोच पिवळीधमक. अवनीबाईंनी तुलनेसाठी एक कुलूपवाला हत्ती आणला होता आणि तो सगुणांच्या शेजारी ठेवला. नवाकोरा, चकचकीत, शेपटी सरळ.

"काका, चहा घेणार?" तन्वीरने विचारलं.

"बिनसाखरेचा, अर्धा कप," मी सांगून टाकलं. सगुणांनी उघडलेलं तोंड मिटलं.

खेळ सुरू झाला. सूत्रधार मीच. पहिलं दार आलं. नाबर म्हणाले, "आधी जनावर!" अस्वल सवयीने पुढे निघालं. मी वाटाड्या उचलला, आवाज खाली आणला. "थांब हो अस्वला. आत काय आहे ते मला ठाऊक नाही. आधी मी जातो." आणि गेला. सापळ्यातला बाण त्याच्या खांद्याला लागला. अस्वलाने मान वळवून नाबरांकडे बघितलं, मग वाटाड्याकडे.

दुसऱ्या दारापाशी धनेश डगमगला. तन्वीर हुशार, त्याला डाव कळत होता, पण जिंकायची खोड मोठी. सोबती पाठवला की गुण वाचतात, हे गणित त्याच्या डोक्यातून जाईना. तिसऱ्या दाराशी अस्वल आणि धनेश दोघेही कंदिलाजवळ जाऊन उभे राहिले. नाबरांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "अरे गद्दारा! तुला मी काय कमी केलं?" अस्वलाने ढुंकूनही पाहिलं नाही.

राहिलं ठकू. सगुणांनी त्याला एकाही दारातून आधी पाठवलं नव्हतं. दार आलं की ते ठकूला डाव्या तळहाताखाली झाकून धरायचे आणि त्याच हाताच्या बोटांनी आपल्या प्रवाशाची बाहुली पुढे सरकवायचे. मला मनातून हायसं वाटलं. वाटाड्याकडे ठकूसाठी काही नव्हतंच. जे सगुण आधीच करत होते तेच तो करणार.

अवनीबाई माझ्याकडे रोखून बघत होत्या. "पूर्ण ताकद, लतिकाताई."

मी वाटाड्या ठकूसमोर नेला. काय बोलायचं ठरवलं नव्हतं. बाबांसारखं तोंडाला आलं ते बोलले.

"ठकू, तुला सगळे जपतात. दार आलं की झाकून ठेवतात. तुला कुणी कधी काम सांगितलं का रे? माझा कंदील विझत आलाय, पुढची वाट मला दिसत नाही. तू बघून सांगशील?"

ठकू सगुणांच्या तळहाताखालून बाहेर आलं. एकदा मागे वळलं, एकदा पुढे. आणि तुरुतुरु चालत वाटाड्याच्या पुढे जाऊन उभं राहिलं.

हे मला सुचलं कुठून? आणि सुचल्यासुचल्याच कळलं, कुठून ते. दोन वर्षं मी ह्या माणसाला तळहाताखाली झाकून धरलं होतं. पोस्टमन आला की मी पुढे, डॉक्टरांनी त्यांना प्रश्न विचारला की उत्तर माझं. चहात साखर किती हेसुद्धा मीच सांगायची. माझा जीव होता म्हणून करत होते, हे खरं. पण झाकलेलं माणूस आत काय करत असेल, हा विचार मला शिवला नव्हता. ठकूला सगुण तसंच जपत होते, कारण जपणं म्हणजे काय ते त्यांनी अलीकडे माझ्याकडून बघितलं होतं. मला रडू येत होतं, पण हातात वाटाड्या होता.

शेवटची गुहा आली. तीन प्रवासी आत, तीन सोबती बाहेर धोंड्यापाशी. वाटाड्या म्हणाला, "लोटा रे पोरांनो." अस्वलाने पाय रोवले.

"ठ..." सगुण म्हणाले.

सगळे थांबले. शब्द येईना. सगुणांच्या कपाळावर घाम. शेजारचा चकचकीत हत्ती मंजुळ आवाजात म्हणाला, "आज्ञा समजली नाही. पुन्हा सांगा." थोड्या वेळाने परत, "पुन्हा सांगा."

नाबर पुटपुटले, "वहिनी, जरा मदत करा त्यांना." माझ्या जिभेच्या टोकावर वाक्य तयार होतं. बायको म्हणून तयार होतं. आणि खलनायक म्हणूनही तेच वाक्य तयार होतं, कारण समोरचा अडलेला असताना वाटाड्याने मध्ये बोलणं, हा त्या घडीचा सर्वांत धारदार डाव. न बोलले तर ढिलाई. अवनीबाई माझ्याकडेच बघत होत्या. बोलले आणि ठकूने धोंडा लोटला, तर ठकू गेलं.

मी बोलले. वाटाड्याच्या आवाजात, पण शब्द रोजचे, आमच्या घरातले.

"ठकू, त्याला बोलायला वेळ लागतो. तू कशाला थांबतोस? त्याला काय हवंय ते मी सांगतो."

माझं मलाच ऐकवेना.

अस्वल धोंड्याला भिडलं. धनेश भिडला. ठकू हललं नाही. त्याने वाटाड्याकडे पाठ केली, सगुणांकडे तोंड केलं, आणि ती वाकडी शेपटी ताठ वर उभी राहिली.

ते थांबलं होतं. माझा सगळ्यात धारदार डाव त्याच्यावर चाललाच नाही, कारण सगुणांचं बोलणं अजून संपलेलं नाही हे ह्या टेबलावर एकट्या त्यालाच ठाऊक होतं. मी ओठ घट्ट मिटले. कारखान्यात पंख्याचा तेवढा आवाज.

"ठकू," सगुण म्हणाले. "मी... आधी... नाय." शेपटी वरच. "तू... आधी... नाय." शेपटी वरच. सगुणांनी डाव्या हाताने आपली बाहुली पुढे सरकवली, अगदी धोंड्याखाली. "दोघांय... जावया."

शेपटी खाली आली.

ठकू धावलं हो! त्या लाकडी पायांनी टेबल दणदणलं. सरळ धोंड्याखाली शिरलं, सगुणांच्या बाहुलीला खांदा देऊन उभं राहिलं, आणि दोघं मिळून धोंडा उलट लोटायला लागले. असं आजवर कुठल्याही टेबलावर झालं नव्हतं. एक तर आधी जनावर पाठवायचं, नाहीतर आधी आपण जायचं, एवढंच सगळ्यांना माहीत. बरोबरीने जायचं हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं, माझ्याही नाही.

तन्वीर ताडकन उभा राहिला. "धनेश, गुण गेले उडत! मी पण येतोय!" त्याने आपली बाहुली धोंड्याखाली घातली. पटावर जखमेचा लाल दिवा लागला. धनेशने मान वाकडी करून ते बघितलं, आणि पलीकडून उडी मारून अलीकडे आला.

"नाबरकाका, बघता काय नुसते?" तन्वीर ओरडला.

नाबर वकिलांना त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा शब्द सापडेना. त्यांनी मुकाट्याने बाहुली पुढे ठेवली आणि अस्वलाकडे बघत राहिले. अस्वल जड, त्याचा राग जुना. ते बराच वेळ उभं राहिलं. मग एक पाऊल, मग दुसरं, आणि आलं. नाबरांच्या डोळ्यांना धार लागली. ते म्हणाले, लाखेचा वास झोंबला.

तीन माणसं आणि तीन जनावरं धोंड्याला भिडली. धोंडा घरंगळला तो थेट वाटाड्याच्या अंगावर. मी माझ्या हाताने बनवलेला, पुण्याला सगळ्यांना रडवणारा माझा लाडका वाटाड्या आडवा झाला, मुंडासं एकीकडे, कंदील एकीकडे. मी टाळ्या वाजवत होते. खलनायकाने स्वतःच्या हारीवर टाळ्या वाजवायची पद्धत नाही, पण माझ्याने राहवलं नाही. सगुण हसत होते, ओठाचा एक कोपरा खाली, दुसरा वर.

"पुन्हा सांगा," हत्ती म्हणाला.

अवनीबाईंनी त्याला उचललं, पोटावरचं बटण दाबून बंद केलं आणि पिशवीत टाकलं. मग सगुणांच्या समोर जाऊन बसल्या. "मेस्त्री, कुलूप रद्द. मी आजच कळवते. आणि एक विचारू? हे थांबणं बाकीच्या सोबत्यांना शिकवता येईल का? तुमच्यासारखं बोलणारी खूप माणसं आहेत, आणि त्यांच्यासाठी थांबणारं कुणी नाही. तुम्ही शिकवाल?"

मी श्वास घेतला. उत्तर माझ्याकडे तयार होतं, अगदी अटींसकट. समोर ठकूची शेपटी वर गेली.

मी श्वास सोडून दिला.

"शिकवतलंय," सगुण म्हणाले. आणि शेपटी अजून वरच म्हणून आम्ही सगळे थांबलो. "पण... शेपटी... वाकडीच... व्हयी."

*

सगळे मिळून बाजारातल्या खानावळीत जेवायला गेलो. नाबर आणि तन्वीर आता पुढच्या डावाचे बेत करत होते, बरोबरीने जाणाऱ्यांना कसं अडवायचं यावर मलाच सल्ले देत होते. माझ्या डोक्यातही नवा खलनायक हलायला लागला होता. ह्या वेळी मेल्यांना अगदी दमवीन.

जेवण झालं. वेटर सगुणांपाशी येऊन उभा राहिला. "काका, तुमका काय आणू?"

ठकू ताटाशेजारी बसलेलं. शेपटी वर. वेटरने माझ्याकडे बघितलं, सगळेच आधी माझ्याकडे बघतात. मी त्याला बोटाने शेपटी दाखवली आणि गप्प बसले. मागच्या टेबलावरून कुणीतरी वेटरला हाक मारली. तो बिचारा हलला नाही.

"चहा," सगुण म्हणाले. "पुरो... कप."

शेपटी वरच.

माझ्याकडे बघत, अगदी सावकाश, एकेका शब्दाची चव घेत ते म्हणाले, "साखर... दोन... चमचे."

शेपटी खाली आली. मी एक अक्षर बोलले नाही. वेटर गेला तशी ठकूने माझ्याकडे मान वळवली आणि पहिल्यांदाच आपणहून माझ्या हातावर येऊन बसलं.